निन्टेन्डो २डीएस

निन्टेन्डो २डीएस हे जपानमधील क्योतो येथील निन्टेन्डो या कंपनीने तयार केलेले हातात धरून खेळण्याचे व्हिडिओ गेम यंत्र (हँडहेल्ड गेम कन्सोल) आहे. २८ ऑगस्ट २०१३ रोजी त्याची घोषणा झाली आणि १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ते उत्तर अमेरिका व युरोपात विक्रीस आले. निन्टेन्डो ३डीएस या यंत्राची ही स्वस्त आवृत्ती होय. मूळ यंत्राची दोन ठळक वैशिष्ट्ये, म्हणजे चष्म्याविना दिसणारे त्रिमितीय चित्र आणि मिटणारी बिजागरी, हिच्यात काढून टाकण्यात आली. सात वर्षांखालील मुलांना ३डीएसचे त्रिमितीय चित्र दाखवू नये, असे कंपनीनेच सांगितले होते. त्यामुळे जो वयोगट वगळला गेला, त्याच्यासाठी प्रामुख्याने हे यंत्र बनवले गेले. लहान मुलासाठी खेळयंत्र निवडताना दृष्टी, टिकाऊपणा, हाताची पकड, वाचनक्षमता, खर्च आणि अनोळखी व्यक्तींशी येणारा संपर्क असे अनेक प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. या प्रश्नांचा एकत्रित विचार करण्यासाठी २डीएस हे उपयुक्त उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

निन्टेन्डो कंपनीने १९८० साली 'गेम अँड वॉच' ही छोटी खेळयंत्रे बाजारात आणली. गुनपेई योकोई हे त्यांचे जनक मानले जातात. १९८९ साली 'गेम बॉय' आला आणि खेळाचे कार्ड बदलून एकाच यंत्रावर अनेक खेळ खेळण्याची पद्धत घरोघरी पोहोचली. २००४ साली आलेल्या निन्टेन्डो डीएस या यंत्रात दोन पडदे होते. त्यांतील खालचा पडदा स्पर्शाने चालत असे. पेनसारख्या स्टायलसने पडद्यावर टेकवणे किंवा रेघ ओढणे ही क्रिया अक्षरओळख नसलेल्या मुलालाही जमण्याजोगी होती. त्यामुळे डीएस हे यंत्र मोठ्यांइतकेच लहान मुलांच्याही हाती गेले. त्याच सुमारास, २००३ साली, लीपफ्रॉग या अमेरिकी कंपनीने खास बालवयासाठी 'लीपस्टर' हे शैक्षणिक खेळयंत्र काढले. मात्र अशा शैक्षणिक यंत्रांवर फक्त त्यांच्यासाठीच बनवलेले खेळ चालत. मूल थोडे मोठे झाले की ती बाजूला पडण्याचा संभव असे.

निन्टेन्डो ३डीएस हे यंत्र २६ फेब्रुवारी २०११ रोजी जपानमध्ये आणि त्यानंतरच्या महिन्यात युरोप व अमेरिकेत आले. अमेरिकेत त्याची आरंभीची किंमत २४९.९९ डॉलर होती. विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाल्याने ऑगस्ट २०११ मध्ये ती १६९.९९ डॉलरपर्यंत उतरवावी लागली. २०१२ साली मोठ्या पडद्याचे ३डीएस एक्सएल आले. ते १९९.९९ डॉलरला विकले जाई. या दोन्ही यंत्रांच्या पातळीखाली, पहिल्यांदाच खेळयंत्र हाती घेणाऱ्या मुलासाठी, कंपनीकडे त्या पिढीतील यंत्र नव्हते.

त्रिमितीय चित्र आणि बालदृष्टी

३डीएसच्या वरच्या पडद्यावर उभ्या पट्ट्यांचा एक सूक्ष्म अडसर असतो. त्याला पॅरॅलॅक्स बॅरियर म्हणतात. या अडसरामुळे डाव्या डोळ्याला काही उभ्या ओळी व उजव्या डोळ्याला दुसऱ्या उभ्या ओळी दिसतात. दोन किंचित वेगळी चित्रे मेंदूत एकत्र येऊन खोलीचा भास होतो. प्रत्यक्ष वस्तू पाहताना डोळ्यांची बाहुली-रेषा जिथे मिळते, तिथेच नेत्रभिंगाचाही केंद्रबिंदू असतो. त्रिमितीय पडद्यावर मात्र नेत्रभिंग पडद्याच्या अंतरावर स्थिर राहते आणि दोन्ही डोळ्यांची दिशा चित्रातील आभासी अंतराकडे वळते. या विसंगतीमुळे काही व्यक्तींना डोळ्यांवर ताण, डोकेदुखी किंवा मळमळ जाणवते.

दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहण्याची क्षमता जन्मतः पूर्ण नसते. ती बालपणाच्या पहिल्या काही वर्षांत घडत जाते. तिरळेपणा किंवा एका डोळ्याची मंददृष्टी (बोलीभाषेत 'आळशी डोळा') यांवरील उपचार साधारणतः सात वर्षांच्या आत सुरू झाल्यास अधिक परिणामकारक ठरतात, असे नेत्रवैद्यकात मानले जाते. या पार्श्वभूमीवर निन्टेन्डोने डिसेंबर २०१० मध्ये, म्हणजे यंत्र विक्रीस येण्यापूर्वीच, सहा वर्षे व त्यांखालील मुलांनी त्रिमितीय चित्र पाहू नये, अशी सूचना प्रसिद्ध केली. यंत्रातील पालक नियंत्रणातून त्रिमितीय दर्शन बंद करण्याची सोयही दिली.

या सूचनेवर तज्ज्ञांमध्ये एकमत झाले नाही. अमेरिकन ऑप्टोमेट्रिक असोसिएशनने, लहान मुलांनी मर्यादित प्रमाणात त्रिमितीय चित्रे पाहिल्याने अपाय होतो असे दिसत नाही, अशी भूमिका घेतली. उलट एखाद्या मुलाला त्रिमितीचा भास होत नसेल, तर त्यावरून तोवर लक्षात न आलेला दृष्टिदोष उघड होऊ शकतो, याकडे तिने लक्ष वेधले. फ्रान्समधील आन्सेस या सरकारी आरोग्य-सुरक्षा संस्थेने मात्र २०१४ साली सहा वर्षांखालील मुलांना त्रिमितीय तंत्रापासून दूर ठेवावे आणि तेरा वर्षांखालील मुलांनी त्याचा वापर माफक ठेवावा, अशी शिफारस केली. पालकांच्या दृष्टीने अडचण वेगळीच होती. ३डीएसचे त्रिमितीय दर्शन एका सरकत्या खटक्याने चालू-बंद होई, आणि पालक नियंत्रण लावले नसेल तर तो खटका कोणतेही मूल सरकवू शके. २डीएसमध्ये हे दर्शनच नसल्याने तो प्रश्न मुळातच उरला नाही. निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेचे तत्कालीन प्रमुख रेजी फिस-एमे यांनीही पाच-सहा वर्षांची, प्रथमच खेळयंत्र हाती घेणारी मुले हा या यंत्राचा अपेक्षित ग्राहकवर्ग असल्याचे घोषणेच्या वेळी सांगितले होते.

रचना

२डीएस हे पाटीसारखे सपाट व अखंड यंत्र आहे. त्याची लांबी १४४ मिलिमीटर, रुंदी १२७ मिलिमीटर आणि वजन सुमारे २६० ग्रॅम आहे. मूळ ३डीएस सुमारे २३५ ग्रॅमचे, तर ३डीएस एक्सएल सुमारे ३३६ ग्रॅमचे होते. वरच्या कडेला जाड व खालच्या कडेला निमुळती होत जाणारी त्याची आकृती पाहून, ही दाराला लावायची पाचर आहे अशी थट्टा घोषणेनंतर झाली. बातमी खरी आहे का, असाही प्रश्न काहींना पडला होता. प्रत्यक्ष हाताळणीनंतर मात्र त्याच्या पकडीबद्दल समीक्षकांचे मत बरेचसे अनुकूल झाले. सर्कल पॅड व बटणे यंत्राच्या खालच्या अर्ध्या भागाऐवजी वरच्या बाजूला सरकवल्यामुळे दोन्ही तळहात कडांना व्यवस्थित टेकतात आणि भार समान वाटला जातो.

बाहेरून दोन पडदे दिसत असले, तरी आत एकच मोठा एलसीडी पडदा आहे. प्लास्टिकच्या चौकटीने त्याचे दोन भाग केले आहेत. वरचा भाग ३.५३ इंच आणि खालचा, स्पर्शाने चालणारा, ३.०२ इंच मापाचा आहे. ही मापे मूळ ३डीएसइतकीच आहेत. एकच पडदा वापरल्याने उत्पादनखर्च कमी झाला. बिजागरी नसल्यामुळे, लहान मुलांच्या हातून सर्वांत आधी तुटण्याचा संभव असलेला भागच उरला नाही. मिटणाऱ्या यंत्रात बिजागरीतून जाणाऱ्या नाजूक तारांच्या पट्ट्याही उघड-मीट करून झिजतात. तो धोकाही टळला.

या सोयींची किंमतही मोजावी लागली. मिटणाऱ्या यंत्रात पडदा आपोआप झाकला जातो. २डीएसमध्ये तो सदैव उघडा राहतो, त्यामुळे दप्तरात किंवा खेळण्यांच्या टोपलीत ठेवताना वेगळी पिशवी लागते. यंत्र मिटले की झोपी जाण्याची क्रिया इथे एका सरकत्या खटक्याला दिली आहे. काही जुन्या खेळांत यंत्र मिटणे हाच एखाद्या कोड्याचा उलगडा असे. तिथेही हाच खटका वापरावा लागतो. ध्वनिवर्धक एकच असल्याने दोन बाजूंचा वेगळा आवाज फक्त हेडफोन लावल्यावर ऐकू येतो. बिनतारी जोडणी बंद करण्याचे स्वतंत्र बटण मूळ ३डीएसवर होते. २डीएसमध्ये ती सोय पडद्यावरील यादीत गेली.

३डीएसचे खेळ खेळत असता बॅटरी साधारणतः साडेतीन ते साडेपाच तास, तर डीएसचे खेळ खेळताना पाच ते नऊ तास चालते. बाहेरच्या बाजूला दोन व आतल्या बाजूला एक असे तीन कॅमेरे आहेत.

खेळ आणि भाषा

३डीएससाठी निघालेले खेळ त्रिमितीय चित्राविनाही पूर्ण खेळता यावेत, असे धोरण असल्याने २डीएसवर ते चालतात. निन्टेन्डो डीएसचे जुने खेळही त्यावर चालतात. बालयंत्र म्हणून घेतलेले यंत्र मूल दहा-बारा वर्षांचे झाल्यावरही निरुपयोगी ठरत नाही, हा त्याचा शैक्षणिक खेळयंत्रांहून महत्त्वाचा फरक होय. विक्रीचा पहिला दिवस 'पोकेमॉन एक्स' व 'पोकेमॉन वाय' या खेळांच्या प्रकाशनाबरोबरच ठेवण्यात आला होता.

खेळ कोणत्या वयाला योग्य आहे, हे त्याच्या वेष्टणावरील चिन्हावरून कळते. युरोपातील पेगी पद्धतीत ३, ७, १२, १६ व १८ असे वयाचे आकडेच छापलेले असतात. अमेरिकेतील ईएसआरबी पद्धतीत अक्षरे वापरली जातात, तर जपानमध्ये सेरो ही संस्था वर्गीकरण करते. ही चिन्हे हिंसा, भीतिदायक दृश्ये, भाषा अशा आशयाविषयी असतात, खेळ किती अवघड आहे याविषयी नसतात. 'पेगी ३' असे चिन्ह असलेला खेळ तीन वर्षांच्या मुलाला खेळता येईलच, असा त्याचा अर्थ होत नाही. पोकेमॉनसारख्या खेळांत कथानक लिखित संवादांतून पुढे सरकते. वाचता न येणाऱ्या मुलाला तिथे मोठ्यांची सोबत लागते. उडी मारणे, गाडी चालवणे, चित्र रंगवणे अशा कृतींवर आधारलेले खेळ त्या वयाला अधिक सोपे जातात. यंत्राच्या मांडणीत मराठी किंवा अन्य कोणतीही भारतीय भाषा उपलब्ध नाही. त्यामुळे मराठी माध्यमातील मुलाच्या बाबतीत वाचनाचा हा अडसर इंग्रजीची ओळख होईपर्यंत टिकतो.

३डीएसचे खेळ प्रदेशबद्ध आहेत. अमेरिकी यंत्रावर जपानी किंवा युरोपीय कार्ड चालत नाही. डीएसच्या बहुतेक खेळांना हे बंधन नाही. परदेशातील नातेवाइकांनी पाठवलेल्या यंत्राबाबत ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते, कारण पुढचे प्रत्येक कार्ड त्याच प्रदेशाचे लागते. चार्जरवर छापलेला व्होल्टचा आकडाही पाहावा लागतो. भारतातील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा आहे, आणि केवळ अमेरिकी किंवा जपानी पुरवठ्यासाठी बनवलेला चार्जर इथे थेट जोडता येत नाही.

पालक नियंत्रण आणि संपर्काचा प्रश्न

यंत्रात चार आकडी संकेतांकाने बंद होणारे पालक नियंत्रण आहे. त्यातून पुढील गोष्टी स्वतंत्रपणे रोखता येतात :

• ठरावीक वयश्रेणीवरील खेळ सुरू करणे
• इंटरनेट ब्राउझर वापरणे
• ऑनलाइन दुकानातून खरेदी करणे
• छायाचित्रे, ध्वनी व चलचित्रे इतरांना पाठवणे
• इतर खेळाडूंशी ऑनलाइन खेळणे
• नव्या मित्रांची नोंदणी करणे
• जवळून जाणाऱ्या दुसऱ्या यंत्राशी आपोआप माहितीची देवाणघेवाण करणे

खेळण्याच्या वेळेची दैनिक मर्यादा घालण्याची सोय मात्र या नियंत्रणात नाही. ती पालकांनाच पाळावी व पाळवावी लागते.

संपर्काचा प्रश्न काल्पनिक नव्हता, हे २डीएस बाजारात आल्यानंतर लवकरच दिसून आले. ३डीएस कुटुंबातील यंत्रांवर 'स्वॅपनोट' नावाची, हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या व छायाचित्रे पाठवण्याची मोफत सोय होती. काही अल्पवयीन मुले आपले मित्र-क्रमांक इंटरनेटवर जाहीर करत असल्याचे आणि या सोयीतून अनोळखी व्यक्तींशी आक्षेपार्ह चित्रांची देवाणघेवाण होत असल्याचे कंपनीच्या लक्षात आले. ऑक्टोबर २०१३ च्या अखेरीस निन्टेन्डोने स्वॅपनोटमधून इंटरनेटद्वारे चिठ्ठ्या पाठवण्याची सेवा बंद केली. मित्रनोंदणी रोखण्याचे नियंत्रण यंत्रात होते. परंतु ते आपोआप लागू नव्हते, पालकांनी मुद्दाम लावले तरच ते काम करत असे. यंत्र मुलाच्या हाती देण्यापूर्वीच नियंत्रण लावण्याचे महत्त्व या प्रसंगाने अधोरेखित केले.

वापराची वेळ आणि आरोग्य

त्रिमितीय दर्शन काढल्याने दृष्टीविषयीचा एक प्रश्न सुटला, तरी जवळून पडदा पाहण्याचा प्रश्न सर्वच यंत्रांप्रमाणे इथेही कायम राहतो. निन्टेन्डोच्या सूचनापत्रकात दर तासाला दहा ते पंधरा मिनिटे विश्रांती घेण्यास सांगितले आहे. सुमारे चार हजारांत एका व्यक्तीला लुकलुकणाऱ्या प्रकाशामुळे झटका किंवा बेशुद्धी येऊ शकते, असा इशाराही त्यात आहे. घरात अपस्माराचा इतिहास असल्यास वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक मानले जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बैठ्या स्थितीत पडद्यासमोरील वेळ दिवसाला एका तासाहून अधिक नसावा, आणि जितका कमी तितका चांगला. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या संस्थेनेही दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवण्याची आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी मोठ्यांच्या देखरेखीखाली एका तासाची मर्यादा पाळण्याची शिफारस केली आहे. या मर्यादेत दूरचित्रवाणी व मोबाइलवरील वेळही मोजला जातो. तो आधीच वापरला जात असल्यास खेळयंत्रासाठी फारसे काही शिल्लक राहत नाही.

डीएस व ३डीएसची कार्डे सुमारे ३५ मिलिमीटर लांब व चार मिलिमीटरहून कमी जाडीची असतात. ती आणि स्टायलस तोंडात घालण्याचा धोका असल्याने घरातील धाकट्या भावंडांपासून या वस्तू दूर ठेवाव्या लागतात. पुढे २०१७ साली आलेल्या निन्टेन्डो स्विच या यंत्राच्या कार्डांवर कंपनीने डिनॅटोनियम बेंझोएट या अत्यंत कडू पदार्थाचा लेप दिला, तो मुलांनी कार्ड तोंडात घालू नये म्हणूनच.

किंमत, पुढील आवृत्ती आणि शेवट

अमेरिकेत २डीएसची आरंभीची किंमत १२९.९९ डॉलर होती. ती २०१५ साली ९९.९९ डॉलर आणि मे २०१६ मध्ये ७९.९९ डॉलर झाली. जपानमध्ये हे यंत्र बऱ्याच उशिरा, फेब्रुवारी २०१६ मध्ये, पोकेमॉन मालिकेच्या विसाव्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने प्रथम विकले गेले.

जुलै २०१७ मध्ये 'न्यू निन्टेन्डो २डीएस एक्सएल' ही आवृत्ती आली. तिची अमेरिकेतील किंमत १४९.९९ डॉलर होती. त्रिमितीय चित्र तिच्यातही नव्हते, परंतु बिजागरी परत आली आणि पडदे मोठे झाले. वजन मात्र पहिल्या २डीएसइतकेच, सुमारे २६० ग्रॅम, राहिले. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी अखंड यंत्र आणि थोड्या मोठ्या मुलासाठी मिटणारे यंत्र, अशी निवड त्यामुळे उपलब्ध झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या स्विच लाइट या यंत्रातही हेच सूत्र दिसते. मूळ स्विचची सुटी होणारी नियंत्रके आणि दूरचित्रवाणीला जोडण्याची सोय काढून ते १९९.९९ डॉलरला विकले गेले. स्विच कुटुंबासाठी असलेल्या पालकांच्या मोबाइल ॲपमध्ये दैनिक वेळेची मर्यादा घालता येते. २डीएसमधील एक महत्त्वाची उणीव तिथे भरून निघाली.

३डीएस कुटुंबातील सर्व यंत्रे मिळून सुमारे ७ कोटी ५९ लाख नग विकले गेले. सप्टेंबर २०२० मध्ये या कुटुंबाचे उत्पादन थांबल्याचे कंपनीने स्पष्ट केले. २७ मार्च २०२३ रोजी त्याच्या ऑनलाइन दुकानातील खरेदी बंद झाली, आणि एप्रिल २०२४ मध्ये बहुतेक ऑनलाइन सेवाही संपल्या.

सद्यःस्थितीतील निवड

उत्पादन थांबल्यामुळे २डीएस आता बहुधा वापरलेल्या स्वरूपातच मिळते. नवे खेळ यंत्रावर उतरवून घेता येत नसल्याने खेळांची उपलब्धता जुन्या कार्डांवर अवलंबून असते. लोकप्रिय खेळांची कार्डे मूळ किमतीहून महाग मिळू शकतात आणि बनावट कार्डेही विकली जातात. त्यामुळे यंत्र स्वस्त मिळाले तरी एकूण खर्च कमी होतोच असे नाही. वापरलेले यंत्र घेताना पडद्यावरील चरे, स्पर्शाची अचूकता, सर्कल पॅडची झीज, प्रदेश, बॅटरीचा टिकाव व तिची फुगवट, तसेच आधीच्या मालकाने लावलेला पालक नियंत्रणाचा संकेतांक काढला आहे की नाही, या गोष्टी तपासाव्या लागतात.

दुसरीकडे, ऑनलाइन सेवा बंद झाल्यामुळे दूरच्या अनोळखी खेळाडूंशी खेळातून होणारा संपर्क आणि दुकानातील अनवधानाने होणारी खरेदी हे दोन्ही धोके जवळजवळ नाहीसे झाले आहेत. इंटरनेट ब्राउझर मात्र यंत्रात राहतो आणि तो स्वतंत्रपणे बंद करावा लागतो. कार्ड घातले की चालू होणारे, पडले तरी सहसा निभावणारे आणि डोळ्यांवर त्रिमितीचा भार न टाकणारे यंत्र हे २डीएसचे मूळ स्वरूप आजही कायम आहे. खेळाची निवड, शेजारी बसून संवाद वाचून दाखवणे आणि ठरलेल्या वेळी यंत्र बाजूला ठेवणे ही कामे मात्र कोणत्याही आवृत्तीत यंत्राकडे सोपवलेली नाहीत.